शंभर युरोचे नक्की किती रुपये?

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. रात्री डेपोत कॅश भरताना तिकिटांचा हिशेब आणि पिशवीतले पैसे जुळले नाहीत, तर फरक कंडक्टरने स्वतःच्या खिशातून भरायचा, हा तिथला नियम. त्यामुळे आमच्या घरी दूधवाल्याचा हिशेबसुद्धा दोनदा मांडला जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा लेख त्याच सवयीतून आलेला आहे.

२०२५ च्या मे महिन्यात मी तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी जर्मनीत ब्राउनश्वाइगला गेलो. विमानाचं तिकीट आणि पहिल्या महिन्याचा खर्च यासाठी बाबांनी पतपेढीतून दीड लाखाचं कर्ज काढलं. पैसे माझ्या हातात देताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शंभर युरो म्हणजे आपले किती रुपये?"

मी मोबाईल काढला, आकडा बघितला आणि म्हणालो, "साडेनऊ हजाराच्या वर. नऊ हजार सहाशे पन्नास."

"नक्की?"

"हो बाबा, हे काय, इथे लिहिलंय."

मित्रहो, ते नक्की नव्हतं. त्या भावाने मला एकही युरो कधीच मिळाला नाही! मोबाईलवर दिसतो तो बाजारातला मधला दर. मोठ्या बँका आपापसात लाखो-कोटींचे व्यवहार ज्या दरांच्या आसपास करतात, तो. घाऊक मार्केटमधला कांद्याचा भाव आणि आपल्या गल्लीतल्या हातगाडीवरचा भाव यात फरक असतोच. पण हातगाडीवाला भाव तोंडाने सांगतो. कार्डाच्या धंद्यात तो तीन-चार ठिकाणी लपवलेला असतो, आणि कोणतं कार्ड स्वस्त हे ठरवायचं असेल तर त्या जागा माहीत पाहिजेत.

मी तीन कार्डं घेऊन गेलो होतो. एक, बँकेचं प्रीपेड फॉरेक्स कार्ड, ज्यात आधीच युरो भरून ठेवायचे. दुसरं माझ्या बचत खात्याचं साधं डेबिट कार्ड. तिसरं दादाच्या क्रेडिट कार्डावरचं माझ्या नावाचं ॲड-ऑन कार्ड, "अगदीच अडलास तर वापर" अशी तंबी देऊन दिलेलं.

आधी फॉरेक्स कार्ड. बँकेच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात "शून्य मार्क-अप" असं छापलेलं होतं. मी खूश. ६०० युरो भरायला सांगितले. बाजारात त्या दिवशी युरो साडेशहाण्णवच्या आसपास होता, म्हणजे ५७,९०० रुपये व्हायला हवे होते. पावती आली ती अशी: बँकेचा विक्रीचा दर ९८.९०, त्याने झाले ५९,३४०. चलन बदलण्याच्या सेवेवरचा जीएसटी साधारण १०७ रुपये. कार्ड देण्याचे ३०० आणि त्यावर पुन्हा १८ टक्के, म्हणजे ३५४. एकूण ५९,८०१.

बाबांनी पावती उलटसुलट बघितली. "सत्तावन्न हजार नऊशेच्या जागी एकोणसाठ हजार आठशे? एकोणीसशे रुपये कुठे गेले?"

"शून्य मार्क-अप आहे बाबा."

"मग शून्याचे एकोणीसशे कसे झाले?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले. "शून्य मार्क-अप" हे खोटं नव्हतं. कार्डात युरो आहेत आणि तुम्ही युरोतच खर्च केलात, तर खर्चाच्या वेळी वेगळं काही कापत नाहीत. पण बँकेने आपली मजुरी आधीच, युरो विकतानाच, दरात घालून घेतलेली असते. बाजारात ९६.५० आणि बँकेत ९८.९०, हा जवळजवळ अडीच टक्क्यांचा फरक म्हणजेच मार्क-अप. फक्त त्याला त्या नावाने हाक मारत नाहीत.

जीएसटीचं गणितही थोडं गमतीचं आहे, आपल्या अप्लाइड मॅथ्सपेक्षा सोपं. चलन बदलताना पूर्ण रकमेवर १८ टक्के लागत नाहीत. एक लाखापर्यंतच्या रकमेत सेवेची किंमत रकमेच्या १ टक्का धरतात, कमीत कमी २५० रुपये, आणि तेवढ्यावरच १८ टक्के कर. म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. लाखाच्या पुढे हे प्रमाण उतरत जातं. म्हणून पाच-पाच हजारांचे युरो पाच वेळा भरलेत तर दर वेळी ते ४५ रुपये जातात, शिवाय दर वेळी पुन्हा भरण्याचं शुल्क. एकदाच भरावं हे बरं.

आता डेबिट आणि क्रेडिट कार्ड. इथे उलटी तऱ्हा. दर चांगला, शुल्क उघड. तुम्ही ब्राउनश्वाइगच्या दुकानात कार्ड लावलंत की दुकानदाराची बँक, मग व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं जाळं, आणि मग आपली इथली बँक, असा निरोप फिरतो. युरोचे रुपये करण्याचं काम बहुतेक वेळा ते जाळं करतं आणि त्यांचा दर बाजाराच्या बराच जवळ असतो. दोघांच्याही संकेतस्थळांवर रोजचा दर काढून बघता येतो, मी बऱ्याचदा बघितला. त्यावर आपली बँक मार्क-अप लावते, बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के, आणि त्या मार्क-अपवर १८ टक्के जीएसटी.

हिशेबाला सोपं पडावं म्हणून इथून पुढे युरो बरोबर १०० रुपयांना आहे असं धरू. १०० युरोची खरेदी म्हणजे १०,००० रुपये. माझ्या डेबिट कार्डाचा मार्क-अप ३.५ टक्के. म्हणजे ३५० आणि त्यावर ६३ जीएसटी. खात्यातून गेले १०,४१३. दादाच्या क्रेडिट कार्डाचा मार्क-अप २ टक्के होता. तिथे २०० अधिक ३६, म्हणजे १०,२३६. आणि माझ्या फॉरेक्स कार्डाचा वरचाच हिशेब, कार्डाच्या किमतीसकट, शंभराच्या भावावर आणला तर साधारण १०,३२८.

बघा, म्हणजे हॉस्टेलमध्ये जे छातीठोक सांगतात ना, "फॉरेक्स कार्डच सगळ्यात स्वस्त", ते नेहमी खरं नाही. ते माझ्या डेबिट कार्डापेक्षा स्वस्त होतं आणि दादाच्या क्रेडिट कार्डापेक्षा महाग. आणि आता काही बँकांची खरोखर मार्क-अप न लावणारी कार्डंही मिळतात. ते कार्ड हातात असेल तर दुकानातल्या खरेदीला फॉरेक्स कार्ड त्याच्या जवळपासही येत नाही. मात्र त्या कार्डाची वार्षिक फी आणि रोख काढण्याच्या अटी आधी वाचून घ्या, छापलेल्या अक्षरांत सर्वात बारीक अक्षरांपासून सुरुवात करून.

फॉरेक्स कार्डाची खरी ताकद दुसरीकडे आहे. ज्या दिवशी भरलंत त्या दिवशीचा भाव तुमचा झाला. मी मेमध्ये भरलं तेव्हा बाजारभाव साडेशहाण्णव होता. जुलैत युरो शंभरावर गेला. म्हणजे मेमध्ये दिलेले जादा पैसे जुलैत एका अर्थाने वसूल झाले. पण हे नशीब. भाव उतरला असता तर तोच महागात भरलेला युरो मी जुलैत हळहळत खर्च केला असता. आमच्या विभागातले एक सर २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेला परिषदेला गेले होते, तेव्हा डॉलर चाळीस रुपयांच्या खाली होता. ते सोबत ट्रॅव्हलर्स चेक घेऊन गेले होते आणि प्रत्येक चेकवर दुकानदारासमोर सही करावी लागायची. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली तेव्हा सरांनी प्रॅक्टिकल थांबवून ती गोष्ट पुन्हा सांगितली. असो.

आता रोख रकमेकडे येतो, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच मूर्खपणाने गेले. जर्मनीत सगळीकडे कार्ड चालत असेल असं मला वाटलं होतं. चुकीचं. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाटी, फक्त रोख. काही दुकानांत कार्ड चालतं, पण ते त्यांच्या देशातल्या बँकांचं, आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड नाही. आणि पहिल्या महिन्याचं खोलीचं भाडं घरमालकीणबाईंना रोखीतच हवं होतं. त्यामुळे एटीएमची वारी.

माझ्या फॉरेक्स कार्डाला दर वेळी पैसे काढायचे दीड युरो लागत. रक्कम कितीही असो. पहिल्या आठवड्यात मी आपल्या इथल्यासारखा वागलो, लागतील तसे काढायचे. वीस युरो काढले, दीड युरो गेले. म्हणजे साडेसात टक्के! ३०० काढले असते तरी दीडच गेले असते, म्हणजे अर्धा टक्का. शिवाय काही बँकांची एटीएम परक्या कार्डाला आपलं स्वतःचं वेगळं शुल्क लावतात. ते पैसे बाहेर येण्यापूर्वी पडद्यावर दिसतं, तिथे रद्द करून पुढच्या चौकातल्या यंत्राकडे जाता येतं. मी एकदा तसं करून पाच युरो वाचवले आणि पावसात भिजलो.

क्रेडिट कार्डाने रोख काढणं हा मात्र सरळ खड्डा आहे. माझा तिथला रूममेट हैदराबादचा. त्याने फॉरेक्स कार्ड घेतलंच नव्हतं, एका संध्याकाळी अडचण आली म्हणून क्रेडिट कार्डाने १०० युरो काढले. महिन्याने आलेलं स्टेटमेंट आम्ही दोघांनी बसून सोडवलं. आपल्या शंभराच्या भावाने मांडतो. मूळ १०,०००. मार्क-अप आणि जीएसटी ४१३. रोख काढण्याचं शुल्क कमीत कमी ५००, त्यावर जीएसटी ९०. झाले ११,००३. आता क्रेडिट कार्डावर खरेदी केली तर बिलाच्या तारखेपर्यंत व्याज नसतं, हे त्याला माहीत होतं. रोख काढली तर ती सवलत नसते, हे माहीत नव्हतं. व्याज त्याच दिवसापासून सुरू, महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ३८५ रुपये, आणि त्या व्याजावरही जीएसटी, ६९. एकूण ११,४५७. शंभर युरोच्या नोटांना साडेचौदा टक्के मजुरी! तो बिचारा दोन दिवस इंस्टंट नूडल्सवर राहिला आणि तीही माझी.

पण मला हसायचा हक्क नाही. कारण पुढचा मासा मीच.

जूनमध्ये पाऊस आणि थंडी, एक बऱ्यापैकी जॅकेट घेतलं, ८० युरोचं. फॉरेक्स कार्ड मशीनला लावलं. मशीनने माझं कार्ड भारतातलं आहे हे ओळखलं आणि पडद्यावर विचारलं, युरोत देणार की रुपयांत? रुपयांची रक्कमही समोर दिली, ८,४३० रुपये. परक्या देशात आपल्या रुपयाचं नाव बघून मला भरून आलं म्हणा ना. शिवाय रुपयांचं बटण हिरवं होतं. दाबलं.

कार्डावरून ८८ युरो ५८ सेंट गेले.

झालं असं. रुपयांत देण्याची ही सोय दुकानदाराची बँक देते आणि दर तीच ठरवते. बाजारात त्या दिवशी युरो साडेअठ्ठ्याण्णवला होता, त्यांनी मला तो १०५ च्या पुढे लावला. हा पहिला फटका. आता बिल झालं रुपयांचं, पण माझ्या कार्डात होते युरो. म्हणजे माझ्या बँकेने ते रुपये पुन्हा युरोत बदलले, आणि कार्डात नसलेल्या चलनात खर्च केला म्हणून त्यावर साडेतीन टक्के घेतले. युरोचे रुपये, रुपयांचे युरो. स्वारगेटहून डेक्कनला जायला आधी हडपसरला जाऊन यावं तसं. साडेआठ युरो म्हणजे विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे तिथल्या मेसमध्ये, माझं तीन दुपारचं जेवण होतं.

तुम्ही डेबिट किंवा क्रेडिट कार्ड वापरत असाल तरी हे लागू आहे. रुपयांत बिल झालं म्हणजे इथल्या बँकेचा मार्क-अप वाचला असं वाटतं, पण परदेशातल्या दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही अनेक बँका शुल्क लावतात. म्हणून दुकान असो की एटीएम, प्रश्न आला की तिथलं चलन निवडायचं. एटीएमवर तो प्रश्न थोडा वाकडा विचारतात, "रूपांतरासह की रूपांतराशिवाय" असा. रूपांतराशिवाय. यंत्र पैसे देईल की नाही अशी भीती वाटते, पण देतं.

जॅकेटचा हिशेब मी बाबांना फोनवर सांगितला नाही. डायरीत लिहिला.

जुलैत कार्डातले युरो संपत आले. पुन्हा भरणं नेट बँकिंगने पाच मिनिटांचं काम, पण त्याला ओटीपी हवा, ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर, आणि निघण्याच्या गडबडीत मी त्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू केलंच नव्हतं. हॉस्टेलमध्ये असताना आपण रिचार्ज टाळतो ना, तेच. पाच दिवस डेबिट कार्डावर काढले, त्या साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर. आणि तेही चाललं कारण दादाने निघण्यापूर्वी मागे लागून त्याचा परदेशातला वापर ॲपमधून चालू करून घेतला होता. २०२० च्या ऑक्टोबरपासून आपली कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू असतात, परदेशासाठी ती आपण स्वतः उघडावी लागतात आणि मर्यादा ठरवावी लागते. तिकडे पोचून हे लक्षात आलं आणि ॲपने ओटीपी मागितला की मग बसा. यूपीआयची आशा धरू नका. पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी २०२४ पासून ते चालतं खरं, पण ब्राउनश्वाइगच्या बेकरीत नाही.

एक गोष्ट मात्र फॉरेक्स कार्डाच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. ते बचत खात्याला जोडलेलं नसतं. हरवलं, चोरीला गेलं, कुणी नंबर पळवला, तर धोका कार्डात आहे तेवढ्याच रकमेला. डेबिट कार्डामागे सगळं खातं उभं असतं, आणि माझ्या खात्यात पतपेढीचे उरलेले पैसे होते. दर महिन्याला दोन-चार रुपये शेकडा जास्त गेले तरी मी या कारणासाठी ते पुन्हा घेईन. उलट हॉटेल आणि भाड्याच्या गाडीवाले अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर अडवून ठेवतात, तिथे प्रीपेड कार्ड पुष्कळदा घेतच नाहीत, किंवा घेतलं तर तुमचे युरो कित्येक दिवस अडकतात. तिथे क्रेडिट कार्डच चालतं.

परिषदांना जाणाऱ्या स्टाफसाठी दोन ओळी. फॉरेक्स कार्डात भरलेले आणि डेबिट कार्डाने खर्च केलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजले जातात. मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर, त्यामुळे तिची चिंता आपल्यापैकी कुणालाच नाही. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत उगमस्थानी कर गोळा होत नाही, पूर्वी ही मर्यादा ७ लाख होती. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च या योजनेत घ्यायचं २०२३ मध्ये ठरलं आणि लगेच पुढे ढकललं गेलं. बिलं मंजूर करून घ्यायची असतील तर फॉरेक्स कार्डाची भरणा पावती जपा. ऑफिसात विचारतात तो "कोणत्या दराने?" हा प्रश्न त्या एका कागदाने मिटतो, क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक दिवसाचा दर वेगळा असतो.

पुढच्या उन्हाळ्यात जाणारे जे ज्युनिअर माझ्या खोलीवर येतात त्यांना मी एकच प्रश्न शिकवतो. बँकेत किंवा मनी चेंजरकडे गेल्यावर दर काय, चार्ज काय, मार्क-अप काय असं विचारू नका. विचारा, "६०० युरो कार्डात पडायला माझ्या खिशातून सगळं धरून किती रुपये जाणार?" आणि त्या आकड्याला ६०० ने भागा. तीन ठिकाणी फोन करा. त्या दिवशीचा एफबीआयएलचा संदर्भ दर बघा आणि वजाबाकी करा. आणि हो, घासाघीस चालते! सहाध्यायी मुलीने त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी भाव करून युरोमागे सव्वा रुपया कमी करून घेतला, मी मात्र बँकेचा दर म्हणजे निकाल लागल्यासारखा मान्य केला होता. विमानतळावरच्या काउंटरवर शेवटच्या क्षणी बदलायची वेळ येऊ देऊ नका, तिथला भाव स्टेशनवरच्या चहासारखा असतो.

कार्ड दोन न्या, वेगवेगळ्या पाकिटांत. कमी मार्क-अपचं कार्ड मिळालं तर दुकानात ते, आणि रोख काढायला फॉरेक्स, मोठ्या रकमेने. मी परत गेलो तर असंच करीन.

ऑगस्टमध्ये परत आलो तेव्हा कार्डात ४३ युरो उरले होते. ते बँकेला परत विकायला गेलो तर खरेदीचा दर वेगळा, बाजारभावाच्या खाली. म्हणजे जातानाही बँकेची मजुरी आणि येतानाही. उरलेलं परकी चलन १८० दिवसांत परत करावं असा नियम आहे, पण २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतं, म्हणून मी ते तसेच ठेवले. मग कळलं की सहा महिने कार्ड वापरलं नाही तर माझी बँक त्यातून शुल्क कापते. शेवटी विकले.

सुट्टीत घरी गेल्यावर बाबांनी डायरी मागितली. दोन दिवस ओसरीवर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, त्यांनी तीन महिन्यांचा हिशेब नव्या वहीत उतरवला. दरातला फरक, शुल्कं, कर सगळं मिळून साधारण साडेपाच हजार रुपये नुसते पैसे बदलण्यात गेले होते. जॅकेटच्या ओळीपाशी त्यांनी पेन्सिल थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

अजून अकरा रुपये जुळत नाहीत. दिवाळीत पुन्हा बसायचंय.